इवलीशी विमानं – लेखांक 6 : झरोक्यांचं जम्बो

गेल्या आठवड्यात आपण स्केलचं गणित पाहिलं. एकास चारशे म्हणजे खऱ्या विमानाचे चार मीटर आणि मॉडेलवरचा एक सेंटिमीटर. एवढं सूत्र पाठ झालं की कपाटाच्या एका फळीवर किती विमानं मावतील, याचा हिशेब खरेदीआधीच करता येतो. आज मात्र एकच मॉडेल हातात घ्यायचं आणि ते वाचायला शिकायचं. मॉडेल वाचावंच लागतं, कारण त्यावरची प्रत्येक रेघ, अक्षर आणि इंजिनाचा आकार काहीतरी सांगत असतो.

माझ्या टेबलावर आत्ता एकास चारशेचं डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं, बोइंग 747-200 आहे. एअर इंडियाचं पहिलं जम्बो, 1971 साली आलेलं ‘एम्परर अशोक’. खरं विमान 70.6 मीटर लांब होतं, मॉडेल साडेसतरा सेंटिमीटरच्या किंचित वर आहे. खरी शेपटी सहा मजली इमारतीएवढी उंच, इथे ती जेमतेम पाच सेंटिमीटर भरते.

आता भिंग घ्या आणि खिडक्यांची रांग पाहा. प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगाची महिरप आहे. 747 च्या दोन खिडक्यांच्या मध्यांत 20 इंचांचं अंतर असतं. चारशेने भागलं की ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतं. म्हणजे आंबेमोहोराच्या एका दाण्याच्या लांबीत अशा तीन-चार महिरपी बसतात. नुसत्या डोळ्यांना ती लाल नक्षीची किनार वाटते. भिंगाखाली तिचे झरोके होतात, राजस्थानातल्या हवेल्यांना असतात तसे.

हे झरोके कुठून आले? त्या काळात जगातल्या सगळ्या मोठ्या कंपन्या एकाच कारखान्यातून एकसारखं जम्बो विकत घेत होत्या. सगळ्यांची विमानं दिसायला जुळी, मग आपलं वेगळं कसं दिसणार? एअर इंडियाकडे दृश्य कल्पनेची जुनी परंपरा होती. कंपनीचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी 1946 मध्ये घडवलेला तिचा शुभंकर महाराजा तोवर घरोघरी पोचला होता. जम्बो आल्यावर कंपनीने ठरवलं की हा आकाशातला महाल आहे, आणि महालाला खिडक्या कशा असतील, तर झरोकेच असणार. वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी महाराजा लाउंज झालं. आधीच्या 707 विमानांना हिमालयातल्या शिखरांची नावं होती, जम्बोंना सम्राटांची मिळाली: अशोक, शाहजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, कनिष्क. यंत्र अमेरिकेचं असलं तरी नुसत्या रंगाच्या रेघेने ते आपलं करून टाकलं. विमानांच्या रंगरूपाला संग्राहक लिव्हरी म्हणतात. माझ्या मते भारतात इतकी विचारपूर्वक केलेली लिव्हरी दुसरी झाली नाही.

पण सव्वा मिलिमीटरवर एक याप्रमाणे या महिरपी धातूवर उमटवतात कशा? शाळेत आपण बटाट्याचे ठसे केले होते, ते आठवा. तत्त्व तेच, फक्त बटाट्यावर कोरावं लागतं आणि इथला ठसा गुळगुळीत असतो. नक्षी एका सपाट पट्टीवर खोदलेली असते. पट्टीवर शाई पसरतात आणि पात्याने पुसून घेतात, त्यामुळे शाई फक्त खोदलेल्या भागात उरते. मग सिलिकॉनचा मऊ गोळा पट्टीवर दाबतात. तो शाई उचलतो आणि विमानाच्या अंगावर टेकतो. गोळा मऊ असल्यामुळे नाकाच्या गोलाईवरही नीट बसतो. याला पॅड प्रिंटिंग म्हणतात. प्रत्येक रंगाला वेगळी पट्टी आणि वेगळा दाब लागतो. एक दाब केसभर सरकला की महिरप खिडकीवरून घसरते. म्हणून अशा मॉडेलची पहिली परीक्षा भिंगाखाली होते: सगळ्या खिडक्या आपापल्या झरोक्याच्या मधोमध आहेत ना?

दुसरी परीक्षा साच्याची. साचा बनवणं खर्चिक असतं, म्हणून एकाच साच्यातून अनेक कंपन्यांची विमानं काढतात. पण खरी विमानं सगळी सारखी नसतात. एअर इंडियाच्या 747-200 ला प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं होती. त्याच प्रकारातल्या इतर काही कंपन्यांच्या विमानांना रोल्स-रॉइसची किंवा जनरल इलेक्ट्रिकची. इंजिनाच्या आवरणाचा आकार यामुळे बदलतो. जम्बोच्या वरच्या मजल्यालाही कुठे तीन खिडक्या असतात, कुठे दहा. त्याच विमानाचा त्याच काळातला फोटो शेजारी ठेवल्याशिवाय हे फरक कळत नाहीत. फोटो शोधताना एक खूण कामाला येते. बोइंगने प्रत्येक ग्राहक कंपनीला एक सांकेतिक क्रमांक दिला होता, एअर इंडियाचा 37. म्हणून तिची विमानं 707-437, 747-237, 747-437 अशी ओळखली जातात.

तिसरी परीक्षा नोंदणीक्रमांकाची, आणि माझ्या लेखी ती सर्वांत महत्त्वाची. ‘एम्परर अशोक’चा क्रमांक व्हीटी-ईबीडी. सुरुवातीच्या दिवसांत मी घेतलेल्या एका मॉडेलवर नाव एका विमानाचं होतं आणि क्रमांक भलत्याच विमानाचा. दोन वर्षं ते माझ्या कपाटात होतं आणि मला पत्ता नव्हता. एका जुन्या फोटोशेजारी ठेवलं तेव्हा चूक दिसली. घरच्यांना वाटलं, एवढ्याशा अक्षरांचं काय घेऊन बसायचं?

त्याचं उत्तर 1 जानेवारी 1978 च्या रात्रीत आहे. त्या संध्याकाळी उशिरा व्हीटी-ईबीडी सांताक्रूझहून दुबईसाठी उडालं. विमान कुठल्या बाजूला कललं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं. खाली काळोखा समुद्र, क्षितिज दिसत नव्हतं. काही मिनिटांतच विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापुढे समुद्रात कोसळलं आणि आतले सर्व 213 जण गेले. ती अक्षरं या एका विमानाची आहेत आणि त्या माणसांचीही. ती दुसऱ्या विमानावर छापणं म्हणजे एकाच्या समाधीवर दुसऱ्याचं नाव कोरणं. तेव्हापासून मी 747 गोळा करत नाही. मी एक-एक विमान गोळा करतो, त्याच्या नावानिशी, क्रमांकानिशी आणि त्याच्या वाट्याला आलेल्या आयुष्यानिशी.

एप्रिल 2024 मध्ये एअर इंडियाचं ‘आग्रा’ नावाचं 747-400 मुंबईहून शेवटचं उडालं. वैमानिकांनी पंख डावी-उजवीकडे झुकवून शहराचा निरोप घेतला आणि विमान सुटं होण्यासाठी अमेरिकेकडे निघालं. खऱ्या विमानांचं असंच होतं. त्यांचं अॅल्युमिनियम वितळतं, रंग खरवडला जातो. ते झरोके कुठल्या वर्षी, कुठल्या विमानावर, कसे होते, हे हातात धरून दाखवता येईल अशा जागा थोड्या उरतात. नीट वाचून निवडलेलं साडेसतरा सेंटिमीटरचं मॉडेल ही त्यातली एक.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्याकडे असलेलं एखादं मॉडेल भिंगाखाली धरा, क्रमांक वहीत उतरवा आणि त्या विमानाचं पुढे काय झालं ते शोधून काढा. ते विमान मग तुम्हाला वेगळं दिसेल.

(पुढील आठवड्यात : कोकणातला पाऊस, खिडकीतलं ऊन आणि डायकास्टचं आयुष्य)