माझ्यामागं ह्याचं कोण?

लग्नकार्य असो, सप्ता असो की गावची जत्रा, पाण्याची पिंपं भरायला आणि पत्रावळ्या उचलायला तुमच्या गावात एक गडी हमखास पुढे असतो. वय चाळिशीच्या घरात. कुणी त्याला भोळा म्हणतं, कुणी गतिमंद, आणि पारावरची पोरं त्याहून वाईट नावाने हाक मारतात. दिवसभर राबून पदरात काय पडतं? एक कप चहा आणि उरलेलं जेवण. दिवेलागणीला त्याची म्हातारी आई शोधत येते आणि हाताला धरून घरी नेते.

वाचकहो, त्या माउलीला एकदा विचारून बघा, कसली काळजी लागून राहिली आहे. ती गुडघेदुखीचं सांगणार नाही, कर्जाचंही नाही. "माझ्यामागं ह्याचं कोण?" एवढंच म्हणेल.

भावकीकडे या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असतं : "बघू तेव्हाचं तेव्हा." पण ती वेळ येते तेव्हा बघायला कुणालाच सवड नसते. एक भाऊ पुण्याला, एक मुंबईला. मग धावपळ होते ती कुठल्या तरी संस्थेत टाकायची. चांगल्या संस्था आहेत. मुळशी तालुक्यात कोळवणजवळच्या साधना व्हिलेजमध्ये अशी प्रौढ माणसं घरच्यासारखी राहतात, काम करतात. पण अशा जागा मोजक्याच. शिवाय ज्याला आपल्या गावची वाट, देऊळ आणि माणसं ठाऊक आहेत, त्याने गाव का सोडावं? समाजात राहण्याचा हक्क त्यालाही आहे, असं २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा स्पष्ट सांगतो. मात्र त्यासाठी आई-बापांच्या डोळ्यांदेखत व्यवस्था लागली पाहिजे.

सातबारा आधी बघा

जुन्या हिंदू कायद्यात जन्मतः बुद्धीने अधू असलेल्याला वारसा मिळत नसे. १९२८ च्या कायद्याने इतर व्यंग असलेल्यांची ही आडकाठी काढली, पण यांना मात्र वगळलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ ने तीही अडचण दूर केली. आज कुठल्याही आजारामुळे वा व्यंगामुळे वारसा नाकारता येत नाही. म्हणून वडील गेल्यावर वारस नोंद होताना त्याचं नाव लागलं की नाही, हे तलाठ्याकडे जाऊन डोळ्यांनी बघा. "त्याला काय कळतंय, कशाला नाव?" असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. नाव गळालं असेल, तर फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात.

दुसरा धोका हक्कसोडपत्राचा. व्यवहार समजत नसलेल्या माणसाने केलेला करार कायद्याने टिकत नाही. पण ते कोर्टात दाखवून द्यायला त्याच्या बाजूने कुणीतरी उभं राहावं लागतं.

अठरानंतर पालक कोण?

बहुतेकांना हे ठाऊक नसतं, की मुलगा अठरा वर्षांचा झाला की आई-बापही कायद्याने त्याचे पालक उरत नाहीत. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांना तो लागू आहे. जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे आई-बाप किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात आणि आपल्या विश्वासातल्या माणसाचं नाव पालक म्हणून सुचवू शकतात. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा.

पालक नेमला म्हणजे तो मालक झाला, असं नव्हे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याला मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. हयगय केली, पैसा खाल्ला, तर त्याला काढता येतं. आणि ज्याचं त्याला ठरवता येतं, तिथे पालकाने मधे पडू नये. प्रत्येकाला पालक लागतोच असंही नाही.

जोडीला कागद करून घ्या. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढा. न्यास कायद्यात बसणाऱ्यांना निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कचेरीत. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारायला लाजू नका.

कागदापलीकडचं काम

कागदाने भाकर मिळेल, सोबत मिळणार नाही. ती गावाने द्यायची. आज त्याचं सगळं एकट्या आईला ठाऊक आहे. फिट आली तर काय करायचं, गोळी कोणती, कशाला भितो, कशाने हसतो. हे निदान चार-पाच जणांना माहीत हवं. चुलतभाऊ, शेजारीण, आशाताई, डेअरीवरचा माणूस.

काम शिकवायचं ते टप्प्याटप्प्याने. डेअरीला दूध घालायला पाठवायचं असेल, तर पहिले पंधरा दिवस बरोबर चला. मग दहा पावलं मागे राहा. मग कोपऱ्यावर थांबा. वेळ लागेल, चुकेलही. चुकला म्हणून किटली हातातून काढून घेऊ नका. आणि काम केलं की मजुरी त्याच्या हातावर ठेवा. बाजारात सदरा कुठल्या रंगाचा घ्यायचा, ते त्यालाच ठरवू द्या. चाळिशीच्या माणसाला 'बाळ' म्हणणंही आता थांबवू या.

पुढे ज्या घरी राहायचं, तिथे आतापासून अधूनमधून दोन-दोन दिवस राहायला पाठवा. तिथे करमतं का, कुणी हिडीसफिडीस करतं का, हे परत आल्यावर त्यालाच विचारा. बोलता येत नसेल तर त्याच्या वागण्यावरून कळेल. घरात अशी मुलगी असेल, तर हे जास्तच बारकाईने पाहावं लागेल. नाही जमलं, तर दुसरं घर शोधायला आई अजून आहे. ती गेल्यावर हे शोधायचं कुणी?

तेव्हा पुढच्या लग्नात तो पाण्याची पिंपं भरताना दिसला, तर काम झाल्यावर त्याला पंगतीत आपल्या शेजारी बसवा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईकडे जाऊन विचारा, "मावशी, सातबाऱ्यावर ह्याचं नाव आहे ना?" तिला लिहिता-वाचता येत नसेल, तर अर्ज तुम्ही लिहा.