विश्लेषण : कामावर चोरीचा आळ आला, पुरावा नाही, मग नोकरीचे आणि पगाराचे काय?

नांदेडच्या वजिराबादेतले कापड दुकान असो की लातूरच्या गंजगोलाईतली पेढी, रात्री गल्ला मोजताना हजार-दोन हजार कमी भरले की पहिली नजर काउंटरवरच्या पोराकडे जाते. मोंढ्यात पोते कमी आले तर हमालाकडे, घरातली अंगठी सापडेना तर धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे. ‘कबूल कर, नाहीतर पोलिसांत देतो’ एवढ्यावर चौकशी सुरू होते आणि तिथेच संपते. महिन्याचा पगार अडतो, काम सुटते. दुसऱ्या दुकानात विचारायला जावे तर बातमी आधीच पोचलेली असते. अशा वेळी कायदा कोणाच्या बाजूने आहे?

सिद्ध कोणी करायचे?

जो आरोप करतो त्याने. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 104 चा हाच अर्थ आहे. गल्ल्यात दोन हजार कमी आहेत यावरून फक्त पैसे कमी असल्याचे कळते, ते कोणी घेतले हे नाही. त्या गल्ल्याला मालकाच्या मुलासह तिघांचे हात लागत असतील, दुपारची शिल्लक मोजलीच नसेल, उधारीचे पैसे टिपायचे राहिले असतील, तर बोट एकाकडेच का, याचे उत्तर मालकाने द्यायचे आहे.

फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 306 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे पुराव्याची कसोटीही तेवढीच कडक. आस्थापनेच्या खातेनिहाय चौकशीत मात्र ‘असे घडले असण्याची शक्यता अधिक’ एवढेही पुरते. कामगाराची गफलत इथेच होते. पोलिसांनी काही केले नाही म्हणजे नोकरी वाचली, असे तो धरून चालतो. तसे नसते.

एसटीच्या वाहकांना हे चांगले ठाऊक आहे. प्रवाशांकडून पैसे घेऊन तिकीट न दिल्याचा आरोप हा त्यांच्यावरचा नेहमीचा आरोप. हरियाणातल्या एका वाहकाच्या 1977 मधील प्रकरणात प्रवाशांचे जबाबच नोंदवले नाहीत, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. तपासणी पथकातील अधिकाऱ्याची साक्ष हा ‘काहीतरी पुरावा’ आहे आणि खातेनिहाय चौकशीला तो चालतो, असे न्यायालय म्हणाले. पण काहीच पुरावा नसेल तर? त्याचे उत्तर 1963 मध्येच एका सरकारी अभियंत्याच्या प्रकरणात मिळाले होते: नुसत्या संशयाला पुराव्याची जागा देता येणार नाही, मग चौकशी खात्याची का असेना.

17 फेब्रुवारी 2025 च्या निकालाचा तर थेट महाराष्ट्राशी संबंध आहे. फौजदारी न्यायालयात दोषी ठरलेला नसला तरी नैतिक अधःपतनाच्या गैरवर्तनासाठी कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटी रोखता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने वेस्टर्न कोलफील्ड्सच्या प्रकरणात ठरवले. त्यासोबतच एसटी महामंडळाच्या वाहकांची प्रकरणे होती. रकमा किरकोळ असल्याने त्यांच्या ग्रॅच्युइटीची जप्ती 25 टक्क्यांपुरती मर्यादित केली गेली. आयुष्यभराच्या नोकरीचा पैसा खात्याच्या चौकशीवर अवलंबून राहणार असेल, तर ती चौकशी उरकल्यासारखी होऊ देणे परवडणारे नाही. आरोपपत्र लेखी मागणे, साक्षीदारांची उलटतपासणी घेणे, कागदपत्रांच्या प्रती मिळवणे हे त्या चौकशीतले हक्क आहेत.

कोंडून लिहून घेतलेली कबुली

दुकानाच्या मागच्या खोलीत बसवून कोऱ्या कागदावर, बाँडवर किंवा धनादेशावर सही घेणे हा प्रकार सर्रास चालतो. अधिकारपदावरच्या व्यक्तीने धमकी देऊन, दबाव टाकून किंवा आमिष दाखवून मिळवलेली कबुली साक्ष्य अधिनियमाच्या कलम 22 नुसार फौजदारी खटल्यात गैरलागू ठरते. पोलिसांसमोर दिलेली कबुलीही आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. उलट कबुलीसाठी कोंडून ठेवणे हाच न्याय संहितेच्या कलम 127 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. मारहाण केली असेल तर कलम 120 खाली सात वर्षांपर्यंत. मालकाला नोकराच्या घराची झडती घेण्याचाही अधिकार नाही.

सीसीटीव्हीचे चित्रण हा दोन्ही बाजूंचा पुरावा आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. त्यामुळे आळ आला त्याच दिवशी ‘अमुक वेळेचे चित्रण जपून ठेवा’ अशी लेखी मागणी केलेली बरी. व्हॉट्सअॅपवरचा संदेशही चालतो. न्यायालयात ते चित्रण कलम 63 च्या प्रमाणपत्रासह यावे लागते.

पगार कापता येतो का?

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिलेला माल किंवा हिशेबाची रक्कम थेट त्याच्या चुकीमुळे गेली असेल तरच कपात करता येते. तीही त्याला बाजू मांडण्याची संधी दिल्यावर आणि नुकसानीपुरतीच. काढून टाकले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करावा लागतो. मोठ्या आस्थापनेत चौकशीसाठी निलंबित केले तर पहिले 90 दिवस निम्मा आणि विलंब कामगारामुळे नसेल तर पुढे 75 टक्के निर्वाह भत्ता मिळतो.

खोट्या गुन्ह्यात गोवून किंवा नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून काढून टाकणे ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा मानली आहे. तक्रारीची मुदत 90 दिवस. मालक परत बोलावेल या आशेवर अनेकांची ही मुदत निघून जाते. बडतर्फी बेकायदा ठरली तर मधल्या काळाच्या पूर्ण पगाराचा प्रश्न येतो. औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका शिक्षिकेच्या 2013 मधील खटल्यात तो तिला मिळाला आणि आजही त्याच निकालाचा दाखला दिला जातो. घरकाम करणाऱ्या बायकांना मात्र यातले संरक्षण जवळपास नाही. त्यांच्या हाती उरतात ते पोलीस आणि दिवाणी न्यायालय.

गुन्हा नोंदला तरी लगेच अटक व्हावीच असे नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली हजर राहण्याची नोटीस दिली जाते. मालकाने प्रामाणिकपणे पोलिसांत तक्रार केली तर ती बदनामी ठरत नाही. पण ‘याला कामावर ठेवू नका’ म्हणत नोकराचा फोटो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटात टाकला, तर कलम 356 ची दारे उघडतात.

वकिलाची फी परवडत नसल्यास नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांतील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. औद्योगिक कामगार आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतीसाठी क्रमांक 15100.