बंद बूट, वाढते पाय

“एक नंबर मोठाच द्या, पाय वाढतोय.” जूनच्या पहिल्या आठवड्यात चपला-बुटांच्या कुठल्याही दुकानात हे वाक्य कानावर पडतं. दुकानदार बुटाचं टोक दाबून पाहतो, पुढे जागा उरलीय म्हणून आई-वडिलांचं समाधान होतं आणि काळे बंद बूट पिशवीत जातात. सोबत शनिवारच्या पीटीसाठी पांढरे कॅनव्हासचे. शाळेच्या यादीत दोन्ही लिहिलेले असतात. आठवड्याभरात पाऊस लागतो आणि काळ्या बुटांत पाणी शिरतं.

मुलांचे पाय आणि पर्यावरण या दोन वेगळ्या काळज्या आहेत असं आपण धरून चालतो. बुटांच्या बाबतीत मात्र दोन्हींचं उत्तर बरंचसं एकच निघतं: जोड कमी, माप अचूक, बूट हलका आणि वाकणारा.

तान्ह्या बाळाच्या पावलात हाडांपेक्षा कूर्चाच जास्त असते. ती पुरती हाडात बदलायला किशोरवय सरावं लागतं. तळव्याखाली चरबीची गादी असल्यामुळे लहान मुलांची पावलं सपाट दिसतात, कमान हळूहळू पुढच्या काही वर्षांत उमटते. अशा मऊ पावलाला आखूड बूट मोठ्या माणसाला टोचतो तसा टोचत नाही. बोटं निमूट दुमडतात आणि मूल तक्रार करत नाही. म्हणून ‘त्याला काही त्रास नाही’ यावर विसंबून राहता येत नाही.

या विषयातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारच्या कर्नाटकात झाला. राव आणि बेंजामिन जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि निष्कर्ष 1992 मध्ये प्रसिद्ध केले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचं प्रमाण 8.6 टक्के होतं, अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8 टक्के. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक, सँडल-चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी. सपाट पाऊल हा बहुतेकांच्या बाबतीत आजार नसतो, त्यामुळे घाबरून महागडे ‘आर्च सपोर्ट’ घेण्याची गरज नाही. पाऊल दुखत असेल, ताठर असेल किंवा एकच पाय वेगळा दिसत असेल, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. पण पावलाला मोकळीक लागते, असं हे आकडे सुचवतात. नुकतं चालायला लागलेल्या बाळाला घरात पीं-पीं वाजणारे बूट कशाला हवेत? फरशीवर, कोरड्या स्वच्छ अंगणात त्याला अनवाणी चालू द्यावं.

घराबाहेरची गोष्ट निराळी. ओल्या मातीतून अंकुशकृमी थेट पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. बांधावरून शाळेत जाणाऱ्या मुलाला काटा, विंचू, साप यांची भीती असते. त्याच्यासाठी पायातलं पादत्राण हे संरक्षण आहे. अनवाणीपणाचं कौतुक शहरातल्या गुळगुळीत फरशीवरून करताना हे विसरू नये.

आता माप. तीन वर्षांपर्यंत पाऊल भराभर वाढतं, पुढे शाळेच्या वयात वर्षाला साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे सर्वात लांब बोटापुढे एक ते सव्वा सेंटिमीटर जागा पुरेशी आहे. त्याहून मोठ्या बुटात पाऊल पुढे-मागे सरकतं, टाचेला फोड येतात, बूट धरून ठेवायला बोटं आवळली जातात आणि मूल अडखळतं. आखूड बूटही तितकाच वाईट, आणि तो दुकानात सहज ओळखू येत नाही. टोक दाबून पाहण्यात अर्थ नसतो, कारण दाब जाणवताच मूल बोटं आत घेतं. बुटातला आतला तळ बाहेर काढावा, त्यावर मुलाला उभं करावं आणि पुढे किती जागा उरते ते डोळ्यांनी पाहावं. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय किंचित फुगलेले असतात. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचं माप धरावं.

रुंदीकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली, तेव्हा भारतीय पावलं युरोप-अमेरिकेतल्या पावलांपेक्षा सरासरीने रुंद असल्याचं दिसलं. त्यातूनच ‘भा’ ही भारतीय मापपद्धती सुचवली गेली. आजवर आपण परदेशी साच्यावरच्या नंबरांत मुलांचे पाय कोंबत आलो आहोत. बोटांकडे निमुळता होणारा बूट कितीही देखणा असो, मुलांसाठी घेऊ नये.

पर्यावरणाचा हिशेब जोडांच्या संख्येपासून सुरू होतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2013 मध्ये कृत्रिम साहित्याच्या एका धावण्याच्या बुटाचा अभ्यास केला. त्यात 65 सुटे भाग आणि 360 प्रक्रिया होत्या, आणि एका जोडामागे सुमारे 14 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. बराचसा भार कारखान्यातल्या निर्मितीचा. फोम, रबर, कापड, प्लास्टिक सगळं डिंकाने चिकटवलेलं असल्यामुळे जुना बूट सुटा करून पुन्हा वापरणं अवघड. चालताना लखलखणाऱ्या बुटांच्या तळात तर बॅटरीही कोंडलेली असते. ‘व्हेगन लेदर’ या लेबलाखाली बहुतेक वेळा पीयू किंवा पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच असतं. सुती कॅनव्हास आणि नैसर्गिक रबराचा तळ त्यापेक्षा बरा. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची कोल्हापुरी चप्पल या निकषावर फार वर ठरते, पण तिला मागे पट्टा नसतो. सणासमारंभाला जरूर घालावी, रोजच्या धावपळीला नाही.

शिवलेला तळ मिळाला तर तोच घ्यावा, कारण तो उसवला तर कोपऱ्यावरचे गटई कामगार पुन्हा शिवून देतात. थोरल्याचे बूट धाकट्याला देण्यातही वाईट काही नाही, मात्र टाच एका बाजूने झिजलेली नको आणि आतला तळ बदललेला हवा.

एवढं करूनही पालकांच्या हातात अर्धीच गोष्ट उरते. दोन जोड शाळा मागते, बंद बुटाची सक्ती शाळा करते, तीही ऐन पावसाळ्यात, जेव्हा ओल्या पायमोज्यांत दिवसभर राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. शाळांनी हा नियम बदलायला हवा. जूनपासून दिवाळीपर्यंत मागे पट्टा असलेली, पाणी निथळून जाणारी गडद रंगाची सँडल चालावी. दिवाळीनंतर एकच जोड बूट असावा आणि तोच पीटीलाही चालावा. तोवर पाऊलही थोडं वाढलेलं असेल, आणि बूट त्या दिवशीच्या पायाच्या मापानेच घेता येईल. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या बैठकीत हा विषय लेखी मांडायला काहीच हरकत नाही.