खूण सापडली, पेशी कोणती?

क्षयाच्या मेंदूज्वरात पाठीतून काढलेल्या पाण्यात जंतू इतके थोडे असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुधा दिसत नाहीत. कल्चरचा निकाल यायला आठवडे लागतात आणि आजार तितका वेळ देत नाही. म्हणून जंतूऐवजी शरीराने जंतूला दिलेला प्रतिसाद मोजावा, हा मार्ग नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील संशोधकांनी धरला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज, म्हणजे दवाखान्याच्या भाषेतले ‘एडीए’, हे विकर मोजले आहे. त्याची सरासरी क्षयाच्या मेंदूज्वरात १४.३१, इतर जंतूंच्या मेंदूज्वरात ९.२५ आणि संसर्ग नसलेल्या मेंदूविकारांत २.७१ एकक आली. ११.३९ ही सीमा धरली, तर क्षयाचे ८२ टक्के रुग्ण बरोबर ओळखले जातात आणि क्षय नसलेले ८३ टक्के बरोबर वगळले जातात. सरासरीपुरते पाहिले तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण त्याच निबंधातले किमान-कमाल आकडे अधिक बोलके आहेत. क्षयाच्या काही रुग्णांत हे विकर २.९९ इतके खाली होते, तर इतर मेंदूज्वरांत ते १३.९६ पर्यंत चढले होते.

हा घोळ प्रयोगशाळेच्या हलगर्जीपणाचा नाही. विकर किती आहे हे आकडा सांगतो, ते कोणत्या पेशीने सोडले हे सांगत नाही. एडीएचा एक प्रकार प्रामुख्याने मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या जंतुभक्षक पेशी बनवतात. दाह झालेल्या मेंदूत अशा पेशी रक्तातून शिरतात. पण मेंदूत त्यांच्या जातकुळीतल्या पेशी आधीपासून मुक्कामाला असतात. त्या म्हणजे मायक्रोग्लिया, मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी. क्षयाचा जंतू मेंदूत पोहोचला की मुख्यतः यांच्यातच बस्तान मांडतो. घरची कोण आणि बाहेरून आलेली कोण, हे ठरवणे म्हणूनच महत्त्वाचे, आणि तितकेच अवघड आहे.

१९१९ मध्ये स्पेनच्या पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराने रंगवून मायक्रोग्लिया प्रथम स्पष्टपणे वेगळ्या दाखवल्या. निरोगी मेंदूत त्यांना नाजूक फांद्या असतात. आजारात मात्र त्या फांद्या आवरून गोलमटोल होतात आणि बाहेरच्या मॅक्रोफेजसारख्याच दिसू लागतात. रूप दगा देते म्हटल्यावर ओळखीची खूण म्हणून प्रथिनांकडे वळणे आले. १९९६ साली जपानी संशोधकांनी नोंदवलेले ‘आयबीए-१’ आजही सर्रास वापरले जाते. पण ते मॅक्रोफेजमध्येही असते. ‘सीडी-४५’ मायक्रोग्लियावर कमी आणि रक्तातून आलेल्या पेशींवर जास्त, हा भेद निरोगी मेंदूत उपयोगी पडतो. दाहात मायक्रोग्लियावरही ते वाढते आणि सीमा पुसट होते. ‘पी-२-आर-वाय-१२’ बरेच अधिक नेमके आहे, पण पेशी चवताळली की तेच कमी होते. पहारेकऱ्याने दंगल पेटताच गणवेश काढून ठेवावा, तसा हा प्रकार! २०१६ मध्ये पुढे आलेल्या ‘टीएमईएम-११९’ने आशा वाढवली. मात्र उंदरांच्या मेंदूत अस्थिमज्जेतून उपजलेल्या पेशी रुजवल्या, तर त्याही ही खूण दाखवू लागतात. मायक्रोग्लियात जागे असणारे ‘सॉल-१’ हे जनुक मात्र त्यांच्यात तितके जागे होत नाही.

माझ्या मते यातून एकच निष्कर्ष निघतो. खूण पेशीचे कूळ जितके सांगते, तितकीच तिची त्या क्षणाची अवस्थाही सांगते. उंदरांवरील २०१० च्या अभ्यासाने पेशींचा वंश रंगवून मायक्रोग्लियाचे मूळ गर्भाच्या पीतककोशात असल्याचे दाखवले, पण माणसाच्या मेंदूत असा वंश रंगवून पाहता येत नाही. तेव्हा अनेक खुणा, पेशीची जागा आणि आजाराची अवस्था एकत्र वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

आता एकेका पेशीतली हजारो जनुके वाचता येतात, मग या खुणांचा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण पेशी सुट्या करण्यासाठी ऊती विकरांत उबवावी लागते आणि तेवढ्यानेही मायक्रोग्लिया उत्तेजित होतात, म्हणजे मोजणीच मोजायच्या वस्तूला बदलते. शिवाय अशा तपासण्यांचा खर्च मेंदूज्वराच्या प्रत्येक रुग्णामागे करणे जिल्हा रुग्णालयाला परवडणारे नाही, एडीए परवडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेशी कुठली का असेना, रुग्णाला त्याचे काय? व्हिएतनाममध्ये क्षयाच्या मेंदूज्वराच्या ५४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोनने मृत्यू कमी केले, पण वाचलेल्यांतले गंभीर अपंगत्व कमी झाल्याचे दिसले नाही. हे स्टेरॉइड दाहाला सरसकट दाबते. जंतूला थारा देणारी पेशी आणि त्याला आवरणारी पेशी असा भेद ते करत नाही. तो भेद करणारे औषध हवे असेल, तर आधी त्या पेशी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. दवाखान्यात तपासल्या जाणाऱ्या पाठीतल्या पाण्यात मात्र बहुतेक पेशी रक्तातूनच आलेल्या असतात. मायक्रोग्लियाचा अंदाज घेण्यासाठी त्या पाण्यात मोजले जाणारे ‘ट्रेम-२’ हे प्रथिनही मॅक्रोफेज बनवतातच.