सुख, सोय आणि गती : तीन भारतीय मोटारींचा तौलनिक विचार

मोटारगाड्यांची तुलना करताना सामान्यतः सुख, सोय आणि कार्यशक्ती असे तीन निकष लावले जातात आणि प्रत्येक निकषाला स्वतंत्र गुण देऊन त्यांची बेरीज केली जाते. ही पद्धती सोपी असली तरी सदोष आहे. हे तीन गुण परस्परांपासून अलग नसतात. एकाच वजनाचे, एकाच लांबीचे आणि एकाच स्प्रिंगचे ते निरनिराळे परिणाम असतात. प्रस्तुत लेखात या परस्परसंबंधाचे विवेचन भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ वावरलेल्या तीन गाड्यांच्या आधारे करण्याचे योजिले आहे.

पहिली गाडी अ‍ॅम्बॅसॅडर. मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवरून हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपारा येथे १९५७ पासून ती बनविली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. दुसरी प्रीमिअर पद्मिनी. फियाट ११०० या इटालियन गाडीची ही भारतीय आवृत्ती वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होत असे. ‘पद्मिनी’ हे नाव तिला १९७० नंतरच्या दशकात मिळाले. तिसरी मारुती ८००. सुझुकी या जपानी कंपनीच्या सहकार्याने डिसेंबर १९८३ मध्ये ती गुडगाव येथून बाहेर पडली आणि तिचेही उत्पादन २०१४ मध्येच संपले. पहिली मोठी, दुसरी मध्यम आणि तिसरी लहान. त्यामुळे तुलनेस ही त्रयी सोयीची आहे.

प्रथम कार्यशक्तीचा विचार करू. अ‍ॅम्बॅसॅडरचे प्रदीर्घ काळ वापरात असलेले इंजिन १,४८९ घनसेंटिमीटरचे आणि सुमारे ५० अश्वशक्तीचे होते; गाडीचे वजन सुमारे १,१०० किलो. पद्मिनीचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती व वजन सुमारे ९०० किलो. मारुतीचे इंजिन अवघे ७९६ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती आणि वजन सुमारे ६५० किलो. इंजिनाच्या आकारावरून अनुमान केल्यास अ‍ॅम्बॅसॅडर अग्रेसर ठरेल. परंतु गाडीचा वेग किती त्वरेने वाढतो, हे निव्वळ शक्तीवर अवलंबून नसून शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. ते काढल्यास अ‍ॅम्बॅसॅडर व पद्मिनी यांना टनामागे सुमारे ४५ अश्वशक्ती, तर मारुतीला सुमारे ५७ अश्वशक्ती लाभते. सर्वांत लहान इंजिनाची गाडी सर्वांत चपळ का वाटली, याचे उत्तर येथे मिळते.

मात्र हे उत्तर रिकाम्या गाडीपुरतेच खरे आहे. चार-पाच माणसे व त्यांचे सामान मिळून ३०० किलो भार धरला, तर हीच गुणोत्तरे अनुक्रमे ३६, ३३ आणि ३९ अशी होतात. म्हणजे मारुतीची अ‍ॅम्बॅसॅडरवरील आघाडी चतुर्थांशाहून अधिक होती, ती एक-दशांशाहूनही कमी झाली. एकट्या चालकाने शहरात फिरवून बांधलेला निष्कर्ष सहकुटुंब घाट चढताना टिकत नाही, तो याच कारणामुळे. गाडीत किती माणसे बसणार हा सोयीचा प्रश्न कार्यशक्तीच्या प्रश्नात शिरतो, तो असा.

आता सुखाकडे वळू. स्प्रिंगवर ठेवलेली गाडी हे एक आंदोलन करणारे वस्तुमान होय. गाडीच्या स्वतःच्या भाराने स्प्रिंग किती दबते, हे कळले की आंदोलनाची वारंवारता काढता येते. स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल तर सेकंदाला एक आंदोलन, ११ सेंटिमीटर दबत असेल तर दीड आणि ६ सेंटिमीटर दबत असेल तर सुमारे दोन. सेकंदाला एक ते दीड आंदोलने मानवी शरीर सहज सोसते. उलट चार ते आठ आंदोलनांच्या पट्ट्यात उभ्या दिशेच्या कंपनांचा त्याला सर्वाधिक त्रास होतो. म्हणून सुखासाठी स्प्रिंग मऊ हवी आणि तिला दबण्यास भरपूर वाव हवा.

येथेच लहान गाडीची अडचण सुरू होते. ३०० किलोंचा भार अ‍ॅम्बॅसॅडरच्या वजनात सुमारे २७ टक्क्यांची भर घालतो, तर मारुतीच्या वजनात सुमारे ४६ टक्क्यांची. एवढ्या भाराखाली गाडी खाली टेकू नये म्हणून हलक्या गाडीची स्प्रिंग तिच्या वजनाच्या मानाने ताठ ठेवणे भाग पडते. परिणामी गाडी भरलेली असताना जी स्प्रिंग योग्य वाटते, तीच ती रिकामी असताना हादरे देते. ज्या हलकेपणाने मारुतीला चपळाई दिली, त्यानेच तिच्या सुखाला मर्यादा घातली.

चाकांचाही वाटा यात आहे. अ‍ॅम्बॅसॅडरची चाके १५ इंची, पद्मिनीची १४ इंची, तर मारुतीची १२ इंची होती. चाक जितके लहान तितके ते खड्ड्यात खोल उतरते आणि बाहेर पडताना अधिक तीव्र कोनातून चढते. तथापि अ‍ॅम्बॅसॅडर या बाबतीत सर्वस्वी निर्दोष होती असे नव्हे. तिच्या मागच्या बाजूस पाट्यांवर बसविलेला जड, अखंड अ‍ॅक्सल होता. स्प्रिंगच्या खाली असलेले असे वजन रस्त्याचा प्रत्येक उंचवटा चाकाबरोबर अनुभवते आणि तो धक्का वर पोचविते. पद्मिनीची मागील रचनाही याच प्रकारची होती.

सोयीच्या बाबतीत इंजिनाची मांडणी निर्णायक ठरते. १९५९ मध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ‘मिनी’ या ब्रिटिश गाडीत इंजिन आडवे बसवून पुढची चाके चालविली आणि केवळ दहा फूट लांबीत चार माणसांची जागा साधली. मारुतीची मांडणी याच तत्त्वावर आधारलेली होती. मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा नसल्याने तळाची जागा मोकळी राहिली. सुमारे ३.३ मीटर लांबीच्या गाडीत चौघांचे कुटुंब सामावले ते यामुळे. परंतु सामानाच्या जागेत कपात करावी लागली. पद्मिनीला स्वतंत्र डिकी होती, पुढचे आसन सलग होते आणि लांबी सुमारे ३.९ मीटरच असल्याने अरुंद गल्लीत वळणे व रस्त्याकडेला उभी करणे अ‍ॅम्बॅसॅडरपेक्षा सुकर होते.

मुंबईत पद्मिनी आणि कोलकात्यात अ‍ॅम्बॅसॅडर टॅक्सी म्हणून रूढ झाली, यामागे केवळ गुणावगुणच होते असे म्हणता येत नाही. कुर्ला मुंबईतच आहे आणि उत्तरपारा कोलकात्याच्या शेजारी. सुटे भाग आणि जाणते मिस्त्री हाताशी असणे हाही सोयीचाच भाग होय. सोय गाडीत असते तितकीच ती गाडीभोवतीच्या शहरातही असते. पुढे मुंबईच्या टॅक्सींत सीएनजीची टाकी डिकीत बसली आणि सामानाची भिस्त टपावरच्या कॅरिअरवर आली. इंधन बदलताच सोयीचे गणित बदलले. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि हा अध्याय मिटला.

या तुलनेत एका निकषाचा उल्लेख अद्याप आलेला नाही आणि ते अनवधानाने घडलेले नाही. सुख, सोय व गती या त्रयीत सुरक्षिततेला स्थानच नसते. या तिन्ही गाड्यांच्या मूळ आराखड्यांत हवेच्या पिशव्या नव्हत्या, आणि ग्राहकही त्यांची विचारणा करीत नसे. आज उंच बांध्याच्या गाड्यांना पसंती आहे. उंच आसन व मोठी चाके यांमुळे त्या सुखकर व सोयीच्या वाटतात. परंतु गुरुत्वमध्याची उंची वाढली की वळणावर उलटण्यास होणारा विरोध घटतो. दोन चाकांमधील अंतर १.५ मीटर असताना गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर असेल तर या विरोधाचे गुणोत्तर सुमारे १.३६ येते, तो ७० सेंटिमीटरवर गेल्यास ते १.०७ पर्यंत उतरते. येथेही एका गुणाची किंमत दुसऱ्या गुणाने चुकविली जाते.

सारांश, ‘कोणती गाडी उत्तम?’ हा प्रश्न अपुरा आहे. किती भार, कोणता रस्ता, कोणते शहर आणि कोणाचे आसन, हे सांगितल्यावाचून त्याला शास्त्रीय उत्तर संभवत नाही. चालकाच्या आसनावरून केलेली तुलना आणि मागे दाटीने बसलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने केलेली तुलना यांत अंतर पडते. आणि भारतातील बहुसंख्य प्रवाशांना मोटारीचा अनुभव मागच्या आसनावरूनच आलेला आहे. कोष्टकातील गुणांची बेरीज करण्यापूर्वी अभ्यासकाने हे आसन निश्चित करावे.