गाडी भरकटते? आधी ढिलेपणा शोधा

मोटारींना समृद्धी महामार्गावर ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला 33 मीटर. या वेगात गाडीचं तोंड एका अंशाने जरी वळलं, तरी सेकंदभरात ती सुमारे 58 सेंटीमीटर बाजूला जाते. ताशी 40 च्या वेगात हेच सरकणं 19 सेंटीमीटरचं असतं. म्हणून तालुक्याच्या रस्त्यांवर निमूट चालणारी गाडी मेहकरला किंवा सिंदखेडराजाला समृद्धीवर चढली की एकाएकी भरकटू लागल्यासारखी वाटते. दोष मात्र जुनाच असतो.

बुलढाणा जिल्ह्यात तो येतो बराचसा जमिनीतून. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता मग उंचसखल होतो आणि प्रत्येक हादरा चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशवर येतो.

एकाच बाजूला ओढणारी आणि दोन्हीकडे भरकटणारी गाडी, यांची दुखणी वेगळी. ओढत असेल तर आधी टायरची हवा तपासावी. मग पुढच्या दोन टायरांची अदलाबदल करावी. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर खोट टायरमध्ये. डावीकडची किंचित ओढ मात्र सोडून द्यावी. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते बहुधा डाव्या कडेला उतरते असतात.

भरकटणारी गाडी जॅकवर घ्यावी, खाली स्टँडचा पक्का आधार द्यावा. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवावं. खटखट जाणवली तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅककडे बघावं. वर-खाली धरून हललं, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. खराब बुश इतक्या सहज सापडत नाही. तो पहारीने आर्म रेटून बघावा लागतो. चिरलेला बुश साध्या चालीत गप्प राहतो, पण मोताळ्याहून बुलढाण्याला येणाऱ्या राजूर घाटात ब्रेक दाबला की चाक मागे सरकतं आणि टो बदलतो.

टो म्हणजे वरून पाहिलं असता चाकांची तोंडं आत वा बाहेर वळलेली असणं. तो काही मिलिमीटरने बिघडला तरी टायर करवतीसारखा झिजतो. हात फिरवला की दाते लागतात. दुसरा महत्त्वाचा कोन कॅस्टरचा. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, तसा चाक वळण्याचा अक्ष मागे झुकलेला असतो. त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. खड्ड्यात आर्म वाकून कॅस्टर कमी झाला, की ही सरळ होण्याची ओढ मंदावते आणि चालकाला सतत स्टिअरिंग सावरत बसावं लागतं.

अलाइनमेंटचं यंत्र हे कोन मोजतं ते उभ्या गाडीचे. धावताना सैल सांधा कुठे सरकेल, हे त्याला दिसत नाही. तरीही पुष्कळ जण बुश न बघता अलाइनमेंट करून घेतात आणि महिनाभरात पुन्हा रांगेत लागतात. ते पैसे वाया जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या वेळी गाडी यंत्रावर चढण्याआधी मेकॅनिकला सांगा, ‘आधी बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड बघा.’