तेरीज जुळत नाही तेव्हा

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा अकाउंट्सचा पेपर. शेवटची वीस मिनिटे उरली आहेत आणि दोन रकान्यांच्या बेरजांत 540 रुपयांचा फरक येतो आहे. अशा वेळी बरीच मुले पहिल्या नोंदीपासून सगळे पुन्हा तपासायला घेतात आणि तेवढ्यात घंटा होते. खरे तर चुकीचा पत्ता त्या 540 मध्येच लिहिलेला असतो. तो वाचता यावा म्हणून एका छोट्या दुकानाचा महिनाभराचा हिशेब मांडून पाहू.

समजा, कॉलेजच्या फाटकासमोर कुणी झेरॉक्सचे दुकान टाकले. स्वतःचे 1,00,000 रुपये रोख घातले. 60,000ची मशीन रोखीने घेतली. घाऊक व्यापाऱ्याकडून 18,000चा कागद उधारीवर उचलला आणि त्यातले 10,000 महिनाअखेरीस रोख चुकते केले. भाडे 7,000 आणि वीजबिल 2,710, दोन्ही रोख. महिनाभरात झेरॉक्सचे 27,500 रुपये गल्ल्यात आले.

हे व्यवहार आधी तारीखवार रोजकीर्दीत उतरतात. प्रत्येक व्यवहारात एक रक्कम दोन ठिकाणी लागते: एका खात्याच्या नावे, दुसऱ्याच्या जमा. मशीन आली म्हणून मशिनरी खाते नावे, पैसे गेले म्हणून रोख खाते जमा. नियम तीनच. व्यक्तीचे खाते असेल तर घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. वस्तूचे असेल तर आलेली नावे, गेलेली जमा. खर्च नेहमी नावे, उत्पन्न नेहमी जमा. व्हेनिसचे व्यापारी वापरत असलेली ही दुहेरी नोंद लुका पाचोली याने 1494 साली आपल्या गणिताच्या ग्रंथात छापून सविस्तर समजावली. आजचा विद्यार्थी तीच पद्धत गिरवतो.

इथे मराठी मुलाला एक ठेच हमखास लागते. रोज बोलताना आपण बँकेत पैसे ‘जमा’ करतो, मग गल्ल्यात आलेले पैसे ‘नावे’ कसे? कारण पासबुक हा बँकेच्या वहीतला उतारा असतो. तुम्ही पैसे देणारे, म्हणून बँकेच्या वहीत तुमचे खाते जमा. तुमच्या स्वतःच्या वहीत पैसे घेणारी बँक आहे, म्हणून तिथे बँकेचे खाते नावे. वही कुणाची हे आधी ठरवले की गोंधळ उरत नाही.

रोजकीर्दीवरून खतावणी होते, म्हणजे एकेका खात्याच्या नोंदी एकेका पानावर गोळा होतात. रोख खात्यात 1,27,500 आले, 79,710 गेले, शिल्लक 47,790. अशा सगळ्या शिलका एका कागदावर मांडल्या की झाली तेरीज, म्हणजेच ट्रायल बॅलन्स.

नावे: रोख 47,790, मशिनरी 60,000, कागद खरेदी 18,000, भाडे 7,000, वीज 2,710. एकूण 1,35,500.
जमा: भांडवल 1,00,000, झेरॉक्सचे उत्पन्न 27,500, व्यापाऱ्याचे देणे 8,000. एकूण 1,35,500.

आता समजा, नावेची बेरीज 1,34,960 आली. फरक 540. आधी बेरजा एकदा तपासायच्या, मग 540 एवढीच एखादी रक्कम टिपायची राहिली का ते पाहायचे. तसे नसेल तर फरकाला 2 ने भागायचे. एखादी शिल्लक चुकीच्या बाजूला पडली की फरक तिच्या दुप्पट होतो. भाडे जमेला गेले असते, तर फरक 14,000 आला असता. इथे निम्मे येतात 270, आणि तेवढ्या रकमेचे खाते नाही. म्हणून आता 9 ने भागायचे. 540 ला 9 ने नि:शेष भाग जातो आणि येतात 60. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरक नेहमी 9च्या पटीत येतो. भागाकार 60, म्हणजे शतक आणि दशक या स्थानांवरच्या अंकांत 6चे अंतर. यादीत तसे अंक शोधा: 2,710 मधले 7 आणि 1. कुणीतरी 2,170 लिहिले आहे. सगळी वही उलटायची गरजच पडली नाही. 7,000चे 700 झाले, तरी फरक 6,300 येतो, तोही 9च्या पटीत. म्हणून अंक फिरलेले दिसले नाहीत, तर शून्ये मोजायची.

तेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर असतोच असे मात्र नाही. मशीनचे 60,000 कुणी मशिनरीऐवजी दुरुस्ती खर्चाला टाकले, तरी दोन्ही बेरजा 1,35,500च राहतात. रक्कम बरोबर, बाजू बरोबर, खाते चुकले. परिणाम बघा. महिनाअखेर 6,000चा कागद शिल्लक आहे, म्हणजे वापरला 12,000चा. उत्पन्नातून कागद, भाडे आणि वीज वजा जाता 5,790 उरतात. मशीन पाच वर्षे चालेल आणि मग तिची काही किंमत येणार नाही असे धरले, तर महिन्याचा घसारा 1,000, आणि नफा 4,790. चुकीच्या खात्याने मात्र याच दुकानाला 54,210चा तोटा दिसेल.

आणखीही चुका तेरजेच्या नजरेतून निसटतात. व्यवहार लिहायचाच राहिला, रोजकीर्दीत मुळातच दोन्हीकडे चुकीची रक्कम गेली, किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकले, तरी बेरजा जुळतात. टॅलीसारखे सॉफ्टवेअर आल्यावर तर अंक उलटून बेरीज बिघडण्याची भीती जवळपास संपली, कारण नावे आणि जमा सारखे नसतील तर ते नोंद पुढे जाऊ देत नाही. पण दुरुस्ती खर्चात घुसलेली मशीन ते निमूट स्वीकारते. म्हणून संगणकावर काम करणाऱ्यालाही कुठली रक्कम कुठल्या खात्याची, हे स्वतःच ठरवावे लागते.

तेव्हा तेरीज जुळल्यावर वही मिटायची नाही. वीजबिल हातात घेऊन 2,710 वाचायचे, व्यापाऱ्याला फोन करून त्याच्या वहीतही 8,000च येणे दिसते का विचारायचे, मागच्या खोलीत जाऊन कागदाची रिमे मोजायची. शेवटी गल्ला उघडून नोटा मोजायच्या. तिथे 47,490च निघाले, तर 300 रुपये कुठे गेले हे तेरीज सांगणार नाही. ते गल्ल्यावर बसणाऱ्यालाच विचारावे लागेल.